वाईच सरकून बसा

आमच्या खोऱ्यात गाडीला दार असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तात्यांच्या कमांडरला कापडी दारं होती, नाही असं नाही. पण ती पहिल्याच आठवड्यात निघाली आणि गोठ्याच्या माळ्यावर जाऊन पडली. दार लावलं की दोन माणसं कमी बसतात, हा तात्यांचा हिशेब. पुढं पावसाळ्यात काकींनी त्यातलं एक सरपणावर पांघरलं आणि दुसरं नव्या व्यालेल्या म्हशीच्या पाठीवर. महिंद्रा कंपनीच्या दाराखाली उभी असलेली म्हैस मी या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. १९९६च्या सुमारास त्यांनी कराडात एक जुनी कमांडर घेतली आणि कराड-पाटण वडाप सुरू केलं. वडाप हा आमच्या बाजूचा शब्द. मराठवाड्यात, विदर्भात त्यालाच काळी-पिवळी म्हणतात. तो आला कुठून ते विद्वानांना ठाऊक. तात्यांची व्युत्पत्ती सोपी होती : माणूस दिसलं की वढायचं, ते वडाप.

कागदोपत्री ती गाडी दहा माणसांची. आता बसण्याची रीत सांगतो, कारण ती कुठल्याच पुस्तकात मिळायची नाही. पुढं तात्यांच्या डाव्या अंगाला तिघं आणि उजव्या अंगाला एक. म्हणजे ड्रायव्हर गाडीच्या मध्यावर, आणि गिअरचा दांडा कुणाच्या तरी दोन गुडघ्यांच्या मधून यायचा. दुसरा गिअर टाकताना तात्या आधी "पावणं, पाय" म्हणायचे. मागं समोरासमोरच्या बाकांवर सहा-सहा, त्यांच्या पायांत पोरं, पिशव्या आणि एखादी कोंबडी. मागच्या पायरीवर किन्नर आणि आम्ही कॉलेजची पोरं, एक पाय आत आणि उरलेला माणूस बाहेर. वर वेल्डिंग करून घेतलेल्या कॅरिअरवर दुधाच्या किटल्या आणि मेथीची गाठोडी. एवढं झाल्यावर मल्हारपेठेत कुणीतरी हात करायचं, तात्या गाडी बाजूला घ्यायचे आणि मागं न बघता एकच वाक्य म्हणायचे.

"वाईच सरकून बसा."

सरकायला जागा नसायची. तरी सगळे सरकायचे. म्हणजे काय करायचे ते आजही मला सांगता येणार नाही. श्वास सोडायचे, खांदे तिरपे करायचे, पोर मांडीवरून खांद्यावर घ्यायचे आणि खरोखरच टीचभर फळी रिकामी व्हायची. आलेलं माणूस तिथं टेकायचं. पुढच्या फाट्यापर्यंत तेही जुनं व्हायचं आणि नव्या माणसासाठी कुरकुरत सरकायचं.

मी अकरावीपासून रोज या गाडीनं कराडला गेलो. अर्ध्या वाटेत शेजारच्याच्या बाजाराची यादी पाठ व्हायची. कुणाचा खटला कुठवर आला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, ऊसबिल कधी निघणार, हे सगळं नवारस्त्याच्या अलीकडे समजून जायचं. गाडीच्या धडधडीवर बोलायचं म्हणून आमच्या खोऱ्यातली माणसं अजूनही जरा मोठ्यानंच बोलतात, असा माझा एक सिद्धांत आहे. तात्यांना त्या आवाजाचा अभिमान. फ्रेंच प्यूजोच्या बनावटीचं डिझेल इंजिन महिंद्रानं इगतपुरीला करायला घेतलं होतं, हे त्यांना कुणा मेस्त्रीनं सांगितलं होतं. तेव्हापासून ते बॉनेटवर थाप मारून सांगायचे, "ह्येचं काळीज फ्रेंच हाय. हाडं अमेरिकन. रस्ता तेवढा आपला."

हाडं अमेरिकन हे खरंच होतं. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली, तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली पाटीवरच्या मोहम्मदच्या जागी दुसरं महिंद्रा येऊन बसलं. वडापच्या भाषेत सांगायचं तर एक उतरला, दुसरा सरकला. मग मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणं सुरू झालं. महायुद्धात रणांगणावर धावलेली ती गाडी आमच्या देशात आली आणि मामलेदाराची, फॉरेस्टवाल्याची, इंजिनिअरची झाली.

वडील सांगायचे, की त्यांच्या लहानपणी जीप म्हणजे कोयना धरणाच्या कामावरच्या साहेबाची. लांबून धुरळा दिसला की बाया पदर सावरायच्या, पोरं बांधाआड पळायची, आणि ज्याच्या अंगावर सारा थकलेला असेल तो गडी वैरणीच्या गंजीमागं जायचा. म्हणजे आमच्या दृष्टीनं ही गाडी पहिल्यापासून वरच्याच लोकांची. मधली वीसेक वर्षं ती खाली उतरून आमच्यात आली होती, एवढंच. हे मला पुढं फार उपयोगी पडलं. लोक जेव्हा म्हणायला लागले की महिंद्रा आता बड्यांच्या गाड्या करायला लागली, तेव्हा मला वडिलांचा तो धुरळा आठवायचा.

१९९९ साली मी बँकेत लागलो आणि तेव्हापासून बहुतेक काळ कर्जाच्या टेबलावर काढला. गाड्यांचा इतिहास लोक मासिकांतून वाचतात, मी कोटेशनांतून वाचला. माणसाची पत आम्ही बघतोच, पण गाडीलाही पत असते. कुठल्या गाडीच्या अर्जाबरोबर कसा माणूस आत येतो, जामीनदार कोण आणतो, पायातल्या चपला कशा आहेत, यावरून ती समजते.

सुरुवातीला बोलेरो. ती २००० साली आली, आणि तिच्यासाठी ऊसतोडीचे मुकादम, वीटभट्टीवाले, नवे सरपंच यायचे. फाइलला बहुधा गुळाचा किंवा मातीचा वास. हप्ते वर्षातून दोनदा, कारखान्याचं बिल निघेल तसे. मग २००२ साली स्कॉर्पिओ आली आणि टेबलासमोरची खुर्चीच बदलली. अर्जदार गॉगल डोक्यावर सरकवून बसायला लागला. जामीनदार त्याच्या मागं उभे, चार-चार. गाडी पांढरीच हवी, आणि नंबर मिळवण्यासाठी कर्जाइतकीच खटपट. इंग्रजी आकड्यांतले चार-एक-चार-एक जवळजवळ लिहिले की 'दादा' दिसतं, ही विद्या मला एका अर्जदारानंच शिकवली.

त्या स्कॉर्पिओची गोष्ट मला नेहमी आवडत आली. तोवर महिंद्रा म्हणजे जीप आणि ट्रॅक्टर. मुळातून स्वतःची गाडी घडवणं हे मोठ्या परदेशी कंपन्यांचं काम. पवन गोएंका नावाचे गृहस्थ डेट्रॉइटला जनरल मोटर्समध्ये होते. आमच्या पोरांना डेट्रॉइटची स्वप्नं पडत होती त्या दिवसांत, १९९३ साली, ते तिथून उठून महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात आले. त्यांच्या हाताखालच्या चमूनं स्कॉर्पिओ उभी केली, नाशिकलाच. अर्थात हे आमच्या दादा लोकांना माहीत नव्हतं आणि नसलं तरी चालत होतं. त्यांना फक्त एवढं दिसलं, की ही उंच आहे, हिला दारं आहेत, ती काचांसकट बंद होतात आणि आत गार लागतं.

तात्यांनी मात्र ती गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा चारी बाजूंनी फिरून विचारलं, "लोंबकळायचं कुठं?"

२०११च्या अखेरीस माझी बदली चाकणला झाली. चाकण म्हणजे मी ऐकून होतो ते कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाशी झुंजवलेल्या भुईकोटासाठी. आता तिथं मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा अशा पाट्या. आपल्याकडं मर्सिडीज बनते ती याच एमआयडीसीत, आणि महिंद्राची एक्सयूव्ही ५००सुद्धा इथलीच. शिफ्ट सुटली की दोन्हींकडची पोरं एकाच गाड्यावर वडापाव खायची. पगारातला फरक विचारू नका, मला तो दिसायचा.

एक्सयूव्ही ५०० सप्टेंबर २०११मध्ये बाजारात आली, दिल्लीत शोरूमची किंमत १० लाख ८० हजारांपासून. चित्त्यावरून आकार घेतला म्हणे. नाव 'फाइव्ह हंड्रेड' असं वाचायचं नाही, 'फाइव्ह डबल ओ'. कारण या कंपनीच्या गाड्यांची नावं 'ओ'नं संपलेली बरी, अशी समजूत : बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो. आमचा शिपाई तिला सरळ 'पाचशे' म्हणायचा आणि फाइल ठेवताना सांगायचा, "साहेब, अजून एक पाचशेची नोट आली." अर्ज इतके आले की कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं आणि मग चक्क लॉटरी काढावी लागली. गाडीसाठी लॉटरी! तात्या हयात होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आमी हात धरधरून माणसं आत घालायचो, आन् ह्ये चिठ्ठ्या टाकून घालायलेत."

फरक आत होता. तात्यांच्या गाडीपासून बोलेरो, स्कॉर्पिओपर्यंत सगळ्यांना खाली शिडीसारखी लोखंडी चासी आणि वर बसवलेली बॉडी. बैलगाडीचा साटा आणि त्यावर पिंजरा, तसं. साटा खड्ड्यात गेला की पिंजरा कुरकुरणार. एक्सयूव्हीला साटाच नव्हता. सगळं अंग एकाच कवचाचं, मोटारकारसारखं. जीप करणाऱ्यांनी जीपची हाडं टाकून दिली, आणि वर चढायची वाट तिथून सुरू झाली असं मला वाटतं. तिच्या अर्जाला डॉक्टर यायला लागले, सीए यायला लागले. जामीनदार आणायची पाळीच नाही. आयकराचे कागद पारदर्शक पिशवीत, क्रमवार.

पण पत अशी सहजासहजी चढत नाही. कोरियाची सँगयाँग कंपनी महिंद्रानं घेतली होती, तिची एक मोठी गाडी २०१८ साली अल्टुरास जी-फोर या नावानं इथं आणली. किंमत २७ लाखांच्या आसपासपासून पुढं. गाडी देखणी, आत चामड्याच्या खुर्च्या, कशातच कमी नाही. माझ्याकडं त्या वर्षात एक बागायतदार आले, कोटेशन घेतलं, दोनदा घडी घातली, दोनदा उलगडलं. म्हणाले, "साहेब, गाडीला नाव ठेवायला जागा न्हाई. पर तीस लाख घालायचं, पावणं इचारणार कुठली घेतली, आन् म्या म्हणायचं महिंद्रा? महिंद्रा तर ट्रॅक्टरबी हाय माझ्याकडं." त्यांनी जपानी गाडी घेतली. अल्टुरास काही फार चालली नाही, चारेक वर्षांत बंदही झाली. बागायतदारांचं मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, की त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजून घ्यायला कंपन्या मोठमोठे सल्लागार नेमतात.

पुढचं सगळं अलीकडचं, आणि वाचकांनाही ठाऊक असलेलं. प्रताप बोस नावाचे डिझाइनचे मोठे गृहस्थ कंपनीत आले, बॉनेटवर दोन शिखरांसारखं नवं चिन्ह आलं. २०२१ साली ७ ऑक्टोबरला एक्सयूव्ही ७००चं बुकिंग उघडलं तेव्हा २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत गेल्या. कराड-पाटण जायला तात्यांना, माणसं भरत भरत, साधारण तेवढाच वेळ लागायचा. मग नोव्हेंबर २०२४मध्ये चेन्नईत दोन विजेच्या गाड्या दाखवल्या, बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई. त्यातल्या पहिलीच्या नावातल्या '६ई'वर विमान कंपनी इंडिगोनं हरकत घेतली, म्हणून शेपटीचा 'ई' गळला. रस्त्यावरच्या गाडीनं विमानाशी नावावरून भांडावं, इथवर मजल गेली होती.

तात्यांच्या नातवानं गेल्या वर्षी घेतली ती दुसरी, एक्सईव्ही ९ई. सगळ्यात वरची. तो आणि त्याची बायको हिंजवडीला नोकरीत. शोरूममध्ये मला मुद्दाम नेलं. काका कर्जातले जाणकार म्हणून, आणि थोडं दाखवायलाही. साडेतीस लाख शोरूमचे. त्याच्या मित्रानं जर्मन कंपनीची सगळ्यात धाकटी एसयूव्ही घेतली होती, तिला त्याच्या दीडपट तरी पडले होते.

"काका, तुम्हीच सांगा, त्यात काय जास्त आहे?" तो विचारत होता. "हिच्यात समोर एका ओळीत तीन पडदे आहेत. सोळा स्पीकर. आवाज रेहमाननं केलेत."

"गाडीचे?"

"गाडीचेच. इंजिनच नाही ना, म्हणून."

मी जीएसटीकडं बघितलं. विजेच्या गाडीला ५ टक्के. डिझेलच्या एवढ्याच मोठ्या गाडीवर सरकार किती घेतं ते मला तोंडपाठ होतं, आणि या पैशात हे सगळं कसं बसतं, याचं अर्धं उत्तर मला तिथं मिळालं. ते मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी तात्यांना बॉनेटवर थाप मारताना बघत होतो. आत बसून दार ओढलं. थप् असा एक भरीव आवाज आला आणि बाहेरचं सगळं जग बंद झालं. हा तो आवाज, जो ऐकायला लोक जर्मन गाड्या घेतात. मला चांगला वाटला. खोटं कशाला बोलू, माझ्या कमरेला तर फारच चांगला वाटला. वडापच्या मागच्या पायरीनं तिचं जे केलं ते तिनं अजून विसरलेलं नाही.

"आतून नुसतं मर्सिडीज वाटतं की नाही?" त्यानं विचारलं.

चाकणला गाड्यावर वडापाव खाणारी पोरं मला आठवली. कुणी सांगावं, एखाद्यानं इकडची नोकरी सोडून तिकडं धरली असेल आणि दोन्ही दारांना हात लावला असेल. मी म्हणालो, "वाटतं."

दिवाळीला गावाकडं निघालो ते याच गाडीतून. तो चालवायला, सून त्याच्या शेजारी, मागं मी आणि काकी. काकी आता ऐंशीच्या आसपास. पुण्याहून निघताना त्या गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि हात पत्र्यावर फिरवायला लागल्या, भिंतीवर खुंटी शोधावी तसा. मूठ दारातच बुडालेली असते, ती आपण होऊन बाहेर येते. ती आली तशा काकी दचकल्या, मग हसल्या, आणि आत बसल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "चालू केलीस का?" गाडी तोवर सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली होती.

खंबाटकी गेला, सातारा गेलं. कुणी बोलत नव्हतं. इतक्या शांततेत बोलायची आमच्या घराला सवयच नाही. तोंड उघडलं की आपलाच आवाज आपल्याला वरच्या पट्टीत ऐकू येतो. कराडला वळलो आणि पाटणचा रस्ता लागला तशा काकी खिडकीला लागून एकेक गाव ओळखायला लागल्या. वडाप आता कमी झालंय. प्रत्येकाच्या दारात मोटारसायकल आली, पोरांनी जुन्या का होईना कारा घेतल्या. मल्हारपेठेत तात्या जिथं गाडी लावायचे तिथं मोबाइलचं दुकान आहे.

नवारस्त्याच्या पुढं एका फाट्यावर, दिवे लागणीच्या वेळेला, एक बाई उभी होती. कडेवर पोर, पायाशी दोन बाचकी, हात अर्धा वर. आमच्या गाडीसाठी नव्हताच तो. अशा गाड्या थांबत नाहीत हे तिला माहीत असावं. एसटी समजून वर केलेला हात ती खालीच घेत होती. आम्ही आवाज न करता तिच्या पुढं निघून आलो.

काकींनी पुढच्या सीटवर थाप मारली. "आरं थांबीव. मागं घे."

"आजी, ओळखीची आहे का?"

"वळख कशाला लागती?"

गाडी मागं आली. तिसऱ्या पडद्यावर सूनबाई काहीतरी बघत होती, तिनं मान वर केली. बाई दोन पावलं मागं सरली. एवढ्या मोठ्या गाडीनं परत येऊन आपल्यापाशी थांबावं, हे तिला काही चांगलं लक्षण वाटलं नसणार. काकींनी आतूनच दार ढकललं आणि त्या गार, बंद, भारी वासाच्या खोलीत शेणाचा, धुरळ्याचा आणि कुठंतरी तळल्या जाणाऱ्या चकलीचा वास शिरला.

"ये बाई. कुठं जायचं?"

मधे उंचवटा नाही, पाय ठेवायला सगळी सपाट जागा, आणि माझ्या-काकींच्या मधे एक आख्खं माणूस बसेल एवढं अंतर. बाचकी पायाशीही मावली असती. तरी काकी माझ्याकडं वळल्या आणि कोपर माझ्या बरगडीत रुतवत म्हणाल्या,

"वाईच सरक की."

मी सरकलो. पार दाराला लागेपर्यंत सरकलो, श्वास सोडून, खांदा तिरपा करून.